गादी फाटते कमरेत, गार पडतो पाय

थर्मल कॅमेरा सुरू करून समोरच्या भिंतीवर तळहात टेकवावा, दहा सेकंद तसाच ठेवावा आणि काढून घ्यावा. डोळ्यांना भिंत होती तशीच दिसते. पडद्यावर मात्र पाचही बोटांसकट हाताचा ठसा लख्ख उमटलेला असतो आणि तो कडांकडून हळूहळू विरत जातो. हाताने भिंतीला दिलेली ऊब निघून जाताना आपण बघत असतो. मी हे पहिल्यांदा पाहिलं तेव्हा चार-पाच वेळा हात टेकवून बघितला होता. डोळ्यांना अजिबात न दिसणारी गोष्ट इतकी स्वच्छ समोर आली की यंत्रावर चटकन विश्वास बसतो. पण याच कॅमेऱ्यासमोर कंबर धरून एखादा माणूस उभा राहतो तेव्हा प्रकरण अवघड होतं. भिंतीवर हात टेकला होता, हे आपल्याला आधीच ठाऊक असतं. कमरेच्या आत काय घडलंय ते ठाऊक नसतं, आणि तेच शोधायचं असतं.

कंबरदुखी किती पसरलेली आहे याचा अंदाज एका आकड्यावरून येतो. २०२० साली जगभरात सुमारे ६२ कोटी लोकांना कंबरदुखीचा त्रास होता, असं आजारांच्या जागतिक ओझ्याचा हिशेब मांडणाऱ्या मोठ्या अभ्यासात दिसतं. यातल्या बहुतेकांच्या दुखण्याचं नेमकं बोट ठेवता येईल असं कारण सापडतच नाही. थोड्यांच्या बाबतीत मात्र ते ठळक असतं: दोन मणक्यांमधली गादी फुगलेली किंवा फाटलेली असते आणि शेजारून पायाकडे जाणारी नस त्यात सापडलेली असते. या थोड्यांना बाकीच्यांतून वेगळं कसं काढायचं, यासाठी गेली पन्नास-साठ वर्षं अधूनमधून थर्मल कॅमेऱ्याचं नाव पुढे येतं.

गादी सरकते म्हणजे काय होतं

‘गादी सरकली’ असं आपण सर्रास म्हणतो, पण गादी जागची हलत नाही. वरच्या आणि खालच्या मणक्याला ती घट्ट चिकटलेली असते. बाहेरून चिवट तंतूंची कडी, एकात एक बसवलेली; आत मऊ, पाणीदार गर. वय, अनुवंश, शरीरावर पडणारा भार यांमुळे कड्यांना बारीक चिरा पडत जातात. मग एखाद्या दिवशी वाकून काही उचलताना, कधी नुसतं शिंकताना, तो गर चिरेतून मागच्या बाजूला येतो. मागे अगदी थोड्या अंतरावर नसेचं मूळ असतं. त्याच्यावर दाब तर पडतोच, शिवाय गरातल्या रसायनांमुळे तिथे दाहही होतो. मग कुल्ल्यातून मांडीच्या मागून पोटरीत आणि तिथून पावलात उतरणारी ती कळ सुरू होते, जिला आपण सायटिका म्हणतो. ज्याने ती भोगली आहे त्याला तिचं वर्णन करून सांगावं लागत नाही.

हा संबंध वैद्यकाला फार उशिरा कळला. अमेरिकेतले शल्यविशारद विल्यम मिक्स्टर आणि जोसेफ बार यांनी १९३४ साली फाटलेल्या गादीमुळे सायटिका होते हे रुग्णांच्या शस्त्रक्रियांच्या आधारे मांडलं. त्याआधी शस्त्रक्रियेत सापडलेला गादीचा तुकडा अनेकदा कूर्चेची गाठ समजून बाजूला काढला जाई.

कमरेत पाच मणके असतात आणि बिघाडाची बहुतेक प्रकरणं सगळ्यात खालच्या दोन गाद्यांमध्ये घडतात: चौथ्या-पाचव्या मणक्यामधली, आणि पाचवा मणका व त्याखालचं त्रिकास्थी यांमधली. यांतली वरची फाटली तर सहसा पाचव्या मणक्याची नस दुखावते. मग बधिरपणा पावलाच्या वरच्या भागावर आणि अंगठ्याकडे जातो, अंगठा वर उचलायची ताकद कमी होते. खालची फाटली तर कळ टाचेकडे आणि करंगळीकडे उतरते, त्या पायाच्या चवड्यावर उभं राहणं जड जातं. नीट तपासणारा डॉक्टर केवळ रुग्णाला चालायला लावून, पाय सरळ वर उचलून, हातोडीने घोटा ठोकून यातलं बरंच ओळखतो.

मग एमआरआय असताना आणखी कॅमेरा कशाला? एमआरआयमध्ये गादी, गर, नस सगळं दिसतं, आणि खरी अडचण त्या दिसण्यातूनच येते. १९९४ साली ज्यांना कंबरदुखी मुळीच नव्हती अशा ९८ जणांचे एमआरआय काढून पाहिले, तेव्हा त्यांतल्या ५२ टक्के लोकांची निदान एक तरी गादी फुगलेली निघाली. २०१५ साली असे अनेक अभ्यास एकत्र करून पाहिलं गेलं. काहीही न दुखणाऱ्या विशीतल्या माणसांपैकी सुमारे ३० टक्क्यांची गादी फुगलेली होती आणि ऐंशीच्या घरातल्यांपैकी सुमारे ८४ टक्क्यांची. म्हणजे फुगलेली गादी ही पुष्कळदा पिकलेल्या केसांसारखी असते. एमआरआय रचना दाखवतो. ती रचना आत्ता दुखावते आहे का, हे तो सांगत नाही. अहवालातली ‘बल्ज’ (फुगवटा), ‘डीजनरेशन’ (झीज) ही अक्षरं वाचून धास्तावलेली, वाकायचं-उचलायचं सोडून दिलेली माणसं मी पाहिली आहेत. त्यातली कित्येक तो कागद वाचण्यापूर्वी जास्त बरी होती.

नस आत्ता त्रासात आहे का, हे दाखवणारं काही मिळालं तर ते सगळ्यांनाच हवं आहे. थर्मल कॅमेऱ्याचं आकर्षण इथून सुरू होतं.

कॅमेरा काय बघतो

शून्याच्या वर तापमान असलेली प्रत्येक वस्तू किरण सोडते, असं पुस्तकात असतं. इथला शून्य म्हणजे निरपेक्ष शून्य, उणे २७३ अंश सेल्सिअस. आपल्या त्वचेचं तापमान ३० ते ३५ अंशांच्या आसपास असतं आणि या तापमानाला सगळ्यात जास्त किरण बाहेर पडतात ते सुमारे साडेनऊ मायक्रॉन तरंगलांबीचे (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). दिसणारा प्रकाश अर्ध्या मायक्रॉनच्या जवळपासचा. म्हणजे आपण सगळेच अंधारातही झगमगत असतो, फक्त डोळ्यांच्या टप्प्याबाहेरच्या उजेडात. हे अवरक्त किरण खगोलशास्त्रज्ञ विल्यम हर्शेल यांना १८०० साली सापडले. लोलकातून पडलेल्या रंगपट्ट्यात तांबड्याच्या पलीकडे, जिथे काहीच दिसत नव्हतं तिथे ठेवलेल्या तापमापीचा पारा सगळ्यात जास्त चढला होता. पुढे १८४० साली त्यांच्या मुलाने, जॉन हर्शेल यांनी, काजळी धरलेल्या कागदावर अल्कोहोल लावून ते कुठे लवकर उडतं त्यावरून उष्णतेचं चित्र मिळवलं. त्याला त्यांनी थर्मोग्राम असं नाव दिलं.

आजच्या कॅमेऱ्यात हेच काम सूक्ष्म कणांची एक जाळी करते. प्रत्येक कणावर व्हॅनेडियम ऑक्साइडसारख्या पदार्थाचा पातळ थर असतो. किरण पडले की तो किंचित तापतो आणि त्याचा विद्युतरोध बदलतो. साध्या काचेतून हे किरण जात नाहीत, म्हणून भिंग जर्मेनियमचं असतं. कॅमेऱ्यासमोर चष्मा घालून उभं राहिलं तर चष्म्याच्या जागी दोन काळे चौकोन दिसतात ते याचमुळे. कॅमेरा अधूनमधून ‘टक्’ असा बारीक आवाज करतो. तेव्हा आतली एक झडप क्षणभर समोर येते आणि यंत्र स्वतःचे कण एका पातळीवर आणून घेतं. हा आवाज ऐकल्याशिवाय घेतलेल्या मोजमापावर मी तरी फार भिस्त ठेवणार नाही.

यातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट इथे आहे. चांगला कॅमेरा एकाच चित्रातल्या दोन जागांमधला एका अंशाच्या विसाव्या भागाइतका फरक ओळखतो. पण एखादी जागा नेमकी किती अंशांवर आहे हे सांगताना तोच कॅमेरा दोन अंशांपर्यंत चुकू शकतो. त्यामुळे ‘तुमची पोटरी ३१ अंशांवर आहे’ या वाक्याला फारसा अर्थ नाही. ‘तुमची उजवी पोटरी डावीपेक्षा एका अंशाने गार आहे’ या वाक्याला आहे. शरीर स्वतःच स्वतःचा मापदंड होतं. त्वचेचा रंग गोरा असो की काळा, अवरक्त किरण सोडण्याची तिची ताकद जवळजवळ सारखीच असते, हीही एक सोय.

डावी-उजवीत फरक किती असणं साधं? अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातले सुमिओ उएमात्सु आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८८ साली ९० निरोगी माणसांच्या शरीरावरच्या जोड्या मोजल्या. पोटरी-नडगीच्या भागात सरासरी फरक पाव अंशाच्या जवळपास होता, पावलात त्याहून थोडा जास्त. आणि तीच माणसं काही वर्षांनी मोजली तरी आकडे फारसे हलले नाहीत. निरोगी शरीर दोन्ही बाजूंना इतकं समान राहतं, ही गोष्ट मला कॅमेऱ्याच्या करामतीपेक्षाही थक्क करते.

दुखतो तो पाय गार का

दाह झाला की जागा गरम होते, हे आपल्याला लहानपणापासून माहीत. त्यामुळे कॅमेऱ्यात कमरेवर एक लालभडक ठिपका दिसेल आणि तिथे बोट ठेवून ‘हीच गादी’ म्हणता येईल, अशी अपेक्षा असते. तसं होत नाही, आणि ते का होत नाही यात या विषयाचं सगळं मर्म आहे.

पहिलं म्हणजे कॅमेरा त्वचेच्या एका मिलिमीटरच्याही आतलं काही बघत नाही. गादी त्यापासून कित्येक सेंटीमीटर खोल, स्नायू, चरबी आणि हाडांच्या मागे. दुसरं, गादीच्या आतल्या भागात रक्तवाहिन्याच नसतात. शरीरात इतका मोठा रक्तहीन भाग दुसरा नाही. तिच्यातल्या पेशींना पोषण मिळतं ते शेजारच्या मणक्यांतून झिरपून. अशा अवयवातून उष्णतेचा झोत बाहेर येणं शक्य नाही. पाठीवर मधोमध, कण्याच्या खाचेत जी गरम पट्टी दिसते ती निरोगी माणसातही असते.

बदल दिसतो तो पायावर, आणि सहसा गारव्याच्या रूपात. त्वचेची ऊब म्हणजे मुख्यतः तिच्यातून वाहणारं रक्त. त्वचेच्या रक्तवाहिन्या किती आवळायच्या आणि किती सैल सोडायच्या हे अनुकंपी चेतासंस्था ठरवते. घाबरल्यावर हातपाय गार पडतात ते तिच्यामुळेच. गादीच्या बाहेरच्या कड्यांमध्ये आणि मणक्यांच्या मागच्या पट्ट्यांमध्ये एक बारीक परतणारी नस पसरलेली असते आणि तिच्यात अनुकंपी तंतूही असतात. गादी फाटली, ही नस चिडली की त्या चिडण्याचा प्रतिसाद म्हणून त्या बाजूच्या पायातल्या त्वचेच्या रक्तवाहिन्या आवळल्या जातात, असं मानलं जातं. पोटरीचा, पावलाचा काही भाग गार पडतो. कॅमेरा बघतो तो हा निरोप, कमरेत निघालेला आणि पायाच्या त्वचेवर पोचलेला.

यात एक खाच आहे आणि ती लपवून चालणार नाही. पायाकडे जाणारे अनुकंपी तंतू कण्याबाहेर पडतात ते छातीच्या आणि कमरेच्या वरच्या भागातून, कमरेच्या दुसऱ्या मणक्यापर्यंतच. तिथून खाली ते कण्याच्या बाहेरून, शेजारच्या गुच्छांच्या साखळीतून उतरतात आणि मग पायाच्या नसांना येऊन मिळतात. म्हणजे चौथ्या-पाचव्या मणक्यामधली गादी नसेचं मूळ कण्याच्या नळीत ज्या ठिकाणी दाबते, त्या ठिकाणी हे तंतू त्या मुळात अजून आलेलेच नसतात. थेट दाबल्याने पाय गार पडला, असं म्हणता येत नाही. मधे प्रतिक्षेपाचा, म्हणजे चेतासंस्थेच्या आपोआप उमटणाऱ्या प्रतिसादाचा, आडमार्ग धरावा लागतो. म्हणूनच गार पडलेला पट्टा आणि बधिर झालेला पट्टा नेहमी जुळत नाहीत. कोणत्या नसेसाठी त्वचेचा कोणता भाग बदलतो याचे वेगळे नकाशे करण्याचे प्रयत्न झाले, विशेषतः दक्षिण कोरियातल्या मणक्याच्या डॉक्टरांकडून, पण ते नकाशे बधिरपणाच्या नकाशांइतके पक्के झालेले नाहीत.

त्यात भर म्हणजे उलटही घडू शकतं. नस चिडलेली असेल तर पाय गार. पण नुकसान जास्त होऊन तंतूंचं काम बंदच पडलं तर रक्तवाहिन्या सैल पडतात आणि तो भाग गरम दिसतो. आणि एक अगदी साधं कारण: जो पाय दुखतो त्याच्यावर माणूस भार देत नाही, त्याचे स्नायू कमी चालतात आणि तो आपोआप गार राहतो. ढोपर दुखत असलं तरी हेच होईल.

पंधरा मिनिटं उघड्या पायांनी

तपासणी कशी होते ते पाहिलं की हे सगळं किती नाजूक आहे ते कळतं. खोली वीस ते चोवीस अंशांच्या दरम्यान, स्थिर. पंख्याचा झोत नको, खिडकीतून ऊन नको, जवळ हीटर नको. कंबर आणि पाय उघडे ठेवून रुग्णाने दहा-पंधरा मिनिटं नुसतं उभं राहायचं, कारण मोज्यांचं इलॅस्टिक, कमरेचा पट्टा, खुर्चीची कड यांच्या खुणा त्वचेवर उष्णतेच्या रूपाने टिकून असतात. खिशात मोबाइल असेल तर मांडीवर त्याचा चौकोन दिसतो. मांडीवर मांडी घालून बसलेल्या माणसाच्या एका गुडघ्याच्या वरचा गरम डाग कुठल्याही नसेचा नसतो.

त्या दिवशी मलम लावायचं नाही, शेक घ्यायचा नाही, धूम्रपान नाही, चहा-कॉफी नाही, व्यायाम नाही. मग समोरून, मागून, दोन्ही बाजूंनी ठरावीक अंतरावरून, तिकाटण्यावर कॅमेरा ठेवून चित्रं घ्यायची. ज्याची कंबर धरली आहे त्याला सरळ उभं राहणंच अवघड असतं; तो एका बाजूला कलतो, एक पाय पुढे टाकतो, आणि दोन पोटऱ्या कॅमेऱ्याकडे वेगवेगळ्या कोनातून येतात. असे सगळे अडसर पार करून मिळालेला पाऊण अंशाचा फरक हा खरा ऐवज. घाईघाईत, कपडे वर सरकवून, मोबाइलला जोडलेल्या कॅमेऱ्याने काढलेलं चित्र कितीही रंगीत असलं तरी त्यातून निदान काढू नये.

शिवाय पाय गार पडायला गादीच लागते असं थोडंच आहे? पायाच्या धमनीत अडथळा असेल तरी पाऊल गार. फुगलेल्या शिरा असतील तर गरम रेषा. जुनी मोच, सांध्याचा दाह, भरलेली जखम, सगळ्यांची आपापली खूण. कॅमेरा यांतलं कुठलं कोणाचं ते सांगत नाही. ते रुग्णाच्या तोंडून आणि तपासणाऱ्याच्या हातातूनच कळतं.

वर गेलेला आलेख आणि त्याची घसरण

वैद्यकात या तंत्राची सुरुवात कॅनडातल्या मॉन्ट्रियलचे डॉक्टर रे लॉसन यांच्यापासून धरतात; १९५६ साली त्यांनी स्तनाच्या कर्करोगाच्या गाठीवरची त्वचा जास्त गरम असते हे मांडलं. पुढे पाठीच्या दुखण्यासाठीही ते वापरलं जाऊ लागलं. १९८२ साली अमेरिकेच्या औषध प्रशासनाने थर्मोग्राफीला, म्हणजे उष्णतेच्या चित्रांवरून तपासण्याच्या या तंत्राला, इतर तपासण्यांच्या जोडीची तपासणी म्हणून मान्यता दिली. त्या दशकात तिथे तिचा जोरात वापर झाला आणि ती न्यायालयांतही पोचली. अपघातानंतर पाठ दुखते असं सांगणाऱ्या माणसाकडे दुखण्याचा पुरावा नसतो. रंगीत चित्र हा पुरावा वाटू लागला. वेदना डोळ्यांनी दिसते आहे असं वाटणं किती मोहाचं असेल, हे मी समजू शकतो. ज्याच्या दुखण्यावर कोणी विश्वास ठेवत नाही त्याला तर ते चित्र आधार वाटलं असणार.

पण १९९१ साली हॉफमन, केंट आणि डेयो या संशोधकांनी नस दाबली जाण्याच्या निदानावर तोवर झालेले अभ्यास एकत्र करून तपासले, तेव्हा बहुतेकांची मांडणीच कच्ची निघाली. कुठे ठळक आजारी माणसं आणि ठणठणीत माणसं समोरासमोर ठेवली होती. असा फरक कुठलीही तपासणी ओळखेल. प्रश्न असतो तो कंबर दुखणाऱ्यांमधूनच नस दाबलेले निवडण्याचा. कुठे चित्र वाचणाऱ्याला निदान आधीच माहीत होतं. नेहमीच्या वापरासाठी ही तपासणी सुचवता येत नाही, असा त्यांचा निष्कर्ष होता. १९९२ च्या अखेरीस अमेरिकेच्या मेडिकेअर या सरकारी आरोग्य विम्याने थर्मोग्राफीचा खर्च देणं थांबवलं.

आकड्यांचा एक खेळ करून पाहिला तर अडचण स्वच्छ दिसते. हे आकडे कल्पित आहेत, फक्त हिशेबासाठी. समजा पायात कळ येणारे १०० जण आले आणि त्यांतल्या ३० जणांची नस खरोखर गादीने दाबली आहे. कॅमेरा त्या ३० मधले २४ जण पकडतो, छान. पण उरलेल्या ७० पैकी २१ जणांच्या पायातही त्याला फरक दिसतो, दुसऱ्याच कुठल्या कारणाने. एकूण ४५ जणांना ‘दोष आहे’ असं सांगितलं गेलं आणि त्यांत खरे २४. म्हणजे रंगीत चित्र हातात आल्यावर आपली खात्री शंभरात तीसवरून पन्नासच्या थोडी वर गेली. नाणं उडवण्यापेक्षा जेमतेम बरी. यातून शस्त्रक्रियेचा निर्णय कोणी घेऊ नये. पण ही माहिती शून्यही नाही. डॉक्टरांच्या तपासणीतही तीच नस दुखावलेली वाटली आणि एमआरआयमध्येही त्याच जागी गर मागे आलेला दिसला, तर तीन वेगळ्या साक्षी एकमेकींना बळ देतात. साक्षी जुळत नसतील तर मात्र कॅमेऱ्याची साक्ष आधी बाजूला ठेवावी, असं माझं स्पष्ट मत आहे.

जिथे ही तपासणी कामाला येते

गेल्या काही वर्षांत कॅमेरे लहान आणि अचूक झाले आणि जोडीला संगणक आला. हजारो बिंदूंचे डावे-उजवे फरक तो क्षणात काढतो, चित्र वाचणाऱ्याच्या मनावर अवलंबून राहावं लागत नाही. कृत्रिम बुद्धिमत्तेला चित्रं दाखवून निदान शिकवण्याचे प्रयोग चालू आहेत. त्यांच्या यशाचे आकडे वाचताना एक गोष्ट पाहावी: शिकवायला वापरलेल्या आणि परीक्षेला वापरलेल्या चित्रांत एकाच रुग्णाची चित्रं तर नाहीत ना? तसं असेल तर यंत्र आजाराऐवजी तो पाय ओळखायला शिकतं आणि परीक्षेत पहिलं येतं. एकाच खोलीत, एकाच कॅमेऱ्याने काढलेल्या चित्रांचंही तेच.

तापमानाच्या फरकाला वैद्यकात मान नाही असं नाही. दुखापतीनंतर हात किंवा पाय महिनोन्महिने असह्य दुखत राहतो, त्या क्षेत्रीय वेदना विकाराच्या निकषांमध्ये दोन बाजूंतला एका अंशापेक्षा जास्त फरक ही एक नोंदलेली खूण आहे. मधुमेहाच्या रुग्णांनी रोज दोन्ही तळपायांचं तापमान मोजावं आणि एखाद्या जागी २.२ अंशांहून जास्त फरक आढळला तर चालणं कमी करून डॉक्टरांना दाखवावं, म्हणजे व्रण होण्याआधी सावध होता येतं. हे अभ्यासांत उतरलेलं आहे. दोन्हीकडे बदल त्वचेजवळ आणि मोठा आहे. गादीच्या बाबतीत तो दूरचा आणि लहान आहे, एवढाच फरक, पण तोच सगळं ठरवतो.

गादीच्या रुग्णांमध्ये मला या कॅमेऱ्याचा सगळ्यात चांगला उपयोग दिसतो तो पाठपुराव्यात. किरणोत्सर्ग नाही, सुई नाही, स्पर्शही नाही. त्यामुळे दर दोन आठवड्यांनी तोच पाय, त्याच खोलीत, त्याच अंतरावरून बघता येतो. बहुतेक सायटिका सहा ते बारा आठवड्यांत ओसरते. बाहेर आलेला गराचा तुकडा पुष्कळदा शरीर स्वतःच हळूहळू शोषून घेतं, आणि गंमत अशी की मोठे, पूर्ण सुटलेले तुकडे जास्त वेळा शोषले जातात. या काळात पायातला तापमानाचा फरक कळीबरोबर कमी होतो की मागे रेंगाळतो, आणि कोणाच्या बाबतीत रेंगाळतो, हे कसून पाहायला हवं. दोन पायांतली तुलना त्या माणसाची त्याच्याशीच असते, आणि इथे काळाच्या दोन टोकांमधली तुलनाही त्याची त्याच्याशीच.

काही खुणा मात्र कुठल्याच कॅमेऱ्याची वाट बघत नाहीत. कंबरदुखीबरोबर लघवी अडली किंवा आपोआप होऊ लागली, शौचावरचा ताबा सुटला, जांघेत आणि बैठकीच्या जागी बधिरपणा आला, दोन्ही पायांची ताकद झपाट्याने कमी होऊ लागली, तर नसांचा सगळा जुडगाच दबलेला असू शकतो. तेव्हा त्याच रात्री रुग्णालय गाठायचं. सकाळची वाट पाहायची नाही. ताप, विनाकारण घटलेलं वजन, पूर्वी झालेला कर्करोग यांच्या जोडीने आलेली कंबरदुखीही लगेच दाखवायची. बाकीच्यांसाठी पहिल्या सहा आठवड्यांत कुठल्याही चित्राची सहसा गरज नसते, एमआरआयचीसुद्धा नाही. जमेल तेवढं हिंडतं-फिरतं राहणं अंथरुणापेक्षा बरं.

आणि कोणी तुमच्या पायांचं रंगीत चित्र हातात दिलंच, तर पायांकडे पाहण्याआधी चित्राच्या कडेची उभी पट्टी पाहा. तांबड्यापासून निळ्यापर्यंतचं अंतर किती अंशांचं आहे ते तिथे लिहिलेलं असतं. पट्टी दहा अंशांची ठेवली तर जे दोन पाय जवळजवळ एकाच रंगाचे दिसतात, तेच पट्टी दोन अंशांची केली की एक तांबडा आणि एक निळा दिसतो. पाय तेच, फरक तोच, कॅमेऱ्याची एक कळ फक्त फिरवलेली. खोली किती अंशांवर होती, किती मिनिटं उघड्या पायांनी उभं केलं होतं, आणि डाव्या-उजव्या पोटरीतला फरक आकड्यात किती आला, हे त्या कागदावर नसेल तर विचारून लिहून घ्या.